फॉर्म बी भरला, पण डक्ट कोणी उघडून बघितला?

(आपल्या पॉडकास्टच्या या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी भाषा बोलीच ठेवली आहे.)



मागच्या भागात आपण जुन्या इमारतींच्या स्ट्रक्चरल ऑडिटवर बोललो. त्यानंतर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न साधारण असा होता: "आमच्या सोसायटीचा फॉर्म बी दर सहा महिन्यांनी वेळेवर जातो. पंप चालू आहे, होजपाइप नवे आहेत, सिलिंडर भरलेले आहेत. मग आगीच्या बाबतीत आम्ही निर्धास्त राहायला हरकत नाही ना?"

हरकत आहे. म्हणजे तुम्ही जे करताय ते चांगलंच आहे, ते थांबवू नका. पण ते निम्मं काम आहे. उरलेलं निम्मं काम इमारतीच्या भिंती, दारं, जिने, स्लॅब आणि डक्ट करत असतात. त्यांच्यावर लाल रंग नसतो, त्यामुळे तिकडे कोणाचं लक्ष जात नाही. आणि गंमत अशी की पंप आपोआप बिघडतो, पण भिंती-दारांची ही व्यवस्था बहुतेक वेळा आपणच, म्हणजे फ्लॅटचे आणि दुकानांचे मालकच, एकेक करून मोडून टाकतो. आजचा भाग त्याबद्दल आहे.

दोन प्रकारची सुरक्षा

आगीपासून इमारतीचं रक्षण दोन पद्धतींनी होतं. एका पद्धतीत काहीतरी चालू व्हावं लागतं. पंप सुरू व्हायला हवा, स्प्रिंकलर फुटायला हवा, अलार्म वाजायला हवा, कोणीतरी सिलिंडरची पिन ओढायला हवी. त्यासाठी वीज लागते, पाणी लागतं, माणूस लागतो.

दुसऱ्या पद्धतीत काहीच चालू व्हावं लागत नाही. आग जिथे लागली तिथेच तिला काही काळ कोंडून ठेवणं, तेवढ्या वेळात माणसांना बाहेर पडायला धूर नसलेली वाट देणं, आणि तोपर्यंत इमारत उभी ठेवणं, ही तीन कामं बांधकाम स्वतःच करतं. इंजिनिअर लोक याला पॅसिव्ह फायर प्रोटेक्शन म्हणतात. आपण सोपं करून "बांधकामातली अग्निसुरक्षा" म्हणू.

ही व्यवस्था मिनिटांत मोजतात. फायर डोअरवर "120 मिनिटं" लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ काय? ते दार चौकटीसकट एका भट्टीच्या तोंडावर बसवतात आणि ठरलेल्या वेगाने तापमान वाढवतात. या प्रमाणित चाचणीत अर्ध्या तासाला भट्टी साधारण 840 अंश सेल्सिअसवर, एका तासाला 945 वर आणि दोन तासांना 1050 च्या आसपास जाते. तेवढा वेळ ज्या दाराने ज्वाळा पलीकडे जाऊ दिल्या नाहीत, ते 120 मिनिटांचं दार. लक्षात घ्या, चाचणी होते ती दार, चौकट, बिजागऱ्या, कुलूप आणि कडेची पट्टी या सगळ्यांची मिळून. नुसत्या फळीची नाही. हा मुद्दा पुढे परत येणार आहे.

आग एका खोलीत, धूर सगळ्या इमारतीत

आगीत माणसं भाजून मरतात असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात बंद इमारतीतल्या आगीत धूर आधी मारतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. माणूस गोंधळतो, पाय लटपटतात, आणि दाराची कडी समोर असून ती काढता येत नाही. मुंबईत 29 डिसेंबर 2017 च्या रात्री कमला मिल्सच्या आवारातल्या गच्चीवरच्या रेस्टॉरंटांना आग लागली, त्यात 14 जण गेले. त्यातले बरेच जण प्रसाधनगृहात सापडले. ज्वाळांपासून लांब म्हणून ते तिथे शिरले होते, पण धुराने गाठलं.

धूर गरम असतो म्हणून वर चढतो. त्याला उभी पोकळी मिळाली की ती चिमणीसारखी काम करते. आता विचार करा, तुमच्या इमारतीत उभ्या पोकळ्या किती आहेत? जिना, लिफ्टचा खड्डा, वीजवाहिन्यांचा डक्ट, प्लंबिंगचा डक्ट, काही ठिकाणी कचऱ्याची शूट, काही ठिकाणी एसीचे डक्ट. दुसऱ्या मजल्यावरच्या मीटरच्या पेटीत शॉर्टसर्किट झालं तर बाराव्या मजल्यावरच्या आजी का गुदमरतात, याचं उत्तर या पोकळ्यांत आहे.

पहिली फट: डक्ट

सुरुवात इलेक्ट्रिक डक्टपासून करू, कारण इथे जळायला केबल आहे, पेटवायला वीज आहे आणि वर जायला पोकळी आहे. तिन्ही एकाच ठिकाणी.

नॅशनल बिल्डिंग कोड, म्हणजे एनबीसी, सांगतो की हा डक्ट प्रत्येक मजल्यावर स्लॅबच्या पातळीला न जळणाऱ्या सामानाने बंद केलेला हवा. म्हणजे केबल खालून वर जाईल, पण केबलच्या भोवतीची जागा बुजवलेली असेल. असं केलं की बारा मजल्यांची एक चिमणी राहत नाही, बारा वेगवेगळ्या पेट्या होतात. शिवाय विजेच्या डक्टमधून गॅसची, पाण्याची किंवा टेलिफोनची लाइन न्यायची नसते.

प्रत्यक्षात काय दिसतं? बिल्डरने सुरुवातीला डक्ट बुजवलेला असतो, असं समजू. मग केबल टीव्हीवाला येतो. मग इंटरनेटची एक कंपनी, मग दुसरी. मग सीसीटीव्ही, मग इंटरकॉम. प्रत्येक जण छिन्नीने भोक पाडतो, वायर ओढतो आणि निघून जातो. भोक तसंच राहतं. दहा वर्षांत त्या सीलची चाळण होते. मी ऑडिटला गेलो की डक्टचं दार उघडून टॉर्च वर मारतो. वरच्या मजल्याचा उजेड खालून दिसला, तर पुढचं काही विचारावं लागत नाही.

कधीकधी सोसायटी भोकं बुजवते, पण कशाने? पिवळ्या पीयू फोमने, तोच जो खिडकीच्या फटीत मारतात. साधा फोम स्वतः जळतो आणि जळताना विषारी धूर देतो. म्हणजे चिमणीत आपण आणखी सरपण भरतो. योग्य सामान वेगळं असतं: फायर सीलंट, वर लेप दिलेली मिनरल वूल, फायर मॉर्टर. जिथे पुढे वायरी ओढाव्या लागणार हे माहीत आहे, तिथे उशीसारख्या फायर पिलो मिळतात. काढायच्या, वायर ओढायची, परत रचायच्या. यातलं काहीही घेताना त्याचा चाचणी अहवाल मागा. आणि इथून पुढे कोणत्याही वायरवाल्याला परवानगी देताना लेखी अट घाला: केलेलं भोक फायर सीलंटने बंद करून सेक्रेटरींना फोटो दाखवल्याशिवाय काम पूर्ण धरलं जाणार नाही.

आणखी एक. डक्टमध्ये आणि मीटर रूममध्ये झाडू, रंगाचे डबे, जुने गणपतीचे मखर, दिवाळीच्या माळा ठेवलेल्या असतात. त्या आजच काढा. त्याला ठराव लागत नाही.

दुसरी फट: दार

उंच इमारतीत जिन्याला जे जाड, जड, आपोआप बंद होणारं दार असतं ते फायर डोअर. कोडप्रमाणे ते 120 मिनिटांचं असावं लागतं. हे दार लोकांना नकोसं असतं. जड आहे, आपटतं, हातात सामान असलं की अडचण. मग कोणीतरी विटेचा तुकडा लावतो. कोणी क्लोजरचा दांडा काढून ठेवतो. वॉचमन सुतळीने बांधून टाकतो.

उघडं ठेवलेलं फायर डोअर म्हणजे भिंतीला पाडलेलं भगदाड. नव्या उंच इमारतींत जिन्यात पंख्याने हवेचा दाब ठेवतात, साधारण 50 पास्कल, म्हणजे लॉबीतला धूर जिन्यात शिरूच नये. दार उघडं असेल तर तो दाब टिकत नाही, आणि लाखो रुपयांचा पंखा नुसता वारा घालत बसतो.

दाराच्या कडेला खाचेत एक पातळ पट्टी असते. उष्णता लागली की ती फुगते आणि दार-चौकटीमधली फट बंद करते. रंगारी तिच्यावर ऑइल पेंट मारतो, नाहीतर कोणी ती कचरा समजून उपटतो. दाराला मनाने नवं कुलूप बसवायला मोठं भोक पाडलं जातं. म्हणून मघाशी म्हटलं, चाचणी पूर्ण जोडणीची असते. त्यातला एक भाग बदलला की 120 या आकड्याला अर्थ उरत नाही.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरची आग बहुतेकांना आठवत असेल. 14 जून 2017, 24 मजली इमारत, 72 मृत्यू. बाहेरून लावलेल्या जळणाऱ्या क्लॅडिंगमुळे आग भिंतीवरून वर चढली, ही मुख्य गोष्ट. पण चौकशीत आणखी एक बाब पुढे आली: अनेक फ्लॅटच्या दारांनी धूर अडवला नाही, काहींचे क्लोजर मोडलेले किंवा काढलेले होते. त्यामुळे लॉबी आणि एकुलता एक जिना धुराने भरला. त्यानंतर इंग्लंडने नियम केला, जो जानेवारी 2023 पासून लागू आहे. 11 मीटरपेक्षा उंच निवासी इमारतीत सामाईक जागेतली फायर डोअर दर तीन महिन्यांनी तपासायची, आणि फ्लॅटची मुख्य दारं वर्षातून एकदा तपासायचा पुरेपूर प्रयत्न करायचा. तपासणी म्हणजे काही मोठं यंत्र नाही. दार पूर्ण उघडून सोडायचं आणि ते आपणहून पूर्ण बंद होतं का बघायचं. हे काम आपल्याकडे कोणी करायला मनाई केलेली नाही.

तिसरी फट: जिना आणि रेफ्युज एरिया

जिन्यावर चपलांचं कपाट, सायकल, कुंड्या, जुना सोफा. हे तुम्हाला माहीत आहे, त्यावर फार बोलत नाही. एवढंच सांगतो की यातलं बरंच सामान नुसती अडचण करत नाही, ते स्वतः पेटतं. आणि इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी जिन्याखाली किंवा लॉबीत चार्जिंगला लावायची जागा नाही. ती पेटली तर बाहेर पडायच्या एकमेव वाटेच्या तोंडाशीच पेटते.

जुन्या इमारतींत एक वेगळा प्रकार दिसतो. तिथे जिन्याला प्रत्येक वळणावर उघडी जाळी असते. पावसाचं पाणी येतं, कबुतरं येतात, म्हणून सोसायटी तिथे ॲक्रिलिकची शीट लावते. जिना कोरडा राहतो, पण ती जाळी शोभेची नव्हती. धूर बाहेर जाण्याची तीच वाट होती. कबुतरांसाठी नेट लावा, पावसासाठी वर छज्जा काढा, झडपा बसवा. पण हवा बंद करू नका.

रेफ्युज एरिया 24 मीटरपेक्षा उंच इमारतीत लागतो. कोडमधली साधी मांडणी अशी: 24 मीटरच्या लगेच वरच्या मजल्यावर एक, 39 मीटरच्या लगेच वर दुसरा, आणि पुढे दर 15 मीटरला एक. ज्यांना तळमजल्यापर्यंत उतरणं शक्य नाही, वयस्कर, गरोदर, व्हीलचेअरवरचे, त्यांनी तिथे मोकळ्या हवेत थांबायचं आणि अग्निशमन दलाने तिथून त्यांना काढायचं, असा त्यामागचा हिशोब. तिथे सोसायटीचं ऑफिस, जिम, गोडाऊन किंवा शेजारच्या फ्लॅटची वाढवलेली बाल्कनी करायची नसते. तो कोणाच्याही मालकीचा वाढीव कोपरा नाही.

चौथी गोष्ट: काँक्रीटचं कव्हर

आता माझ्या रोजच्या कामाचा भाग. सळई उघडी पडली की आपण म्हणतो गंज लागला, ताकद कमी झाली. बरोबर. पण त्या सळईवरचं काँक्रीट तिला गंजापासून वाचवतं तसंच आगीपासूनही वाचवतं. पोलाद 550 अंशांच्या आसपास तापलं की त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. काँक्रीट उष्णता सावकाश आत जाऊ देतं, म्हणून सळई उशिरा तापते. आपलं आयएस 456 हे मानक त्यामुळेच आगीच्या तासांप्रमाणे कव्हर ठरवतं. कॉलमला 40 मिलिमीटर, दोन तासांसाठी साध्या टेकवलेल्या बीमला 40 आणि तशाच स्लॅबला 35.

मुंबई, ठाणे, रत्नागिरीसारख्या खारट हवेच्या गावांत पार्किंगच्या छताचे पोपडे पडलेले आपण रोज बघतो. तिथे कव्हर 35 नाही, शून्य आहे. आणि नेमकं त्याखाली काय उभं असतं? पेट्रोल भरलेल्या गाड्या. म्हणून पार्किंगच्या स्लॅबची दुरुस्ती "पुढच्या वर्षी बघू" या यादीत टाकू नका.

दुरुस्तीच्या पद्धतीचाही इथे संबंध येतो. हल्ली कॉलमला कार्बन फायबरचं कापड इपॉक्सीने चिकटवतात. पद्धत चांगली आहे, पण सर्वसाधारण इपॉक्सी 60 ते 80 अंशांना मऊ पडायला लागते. त्यावर आगीपासून रक्षण करणारा थर दिला नाही, तर आगीत ती मजबुती सगळ्यात आधी जाते. तेच दुकानांतल्या पोटमाळ्यांचं. उघड्या लोखंडी आय-बीमवर माळा आणि त्यावर कापडाचे गठ्ठे. बीमला बोर्ड, प्लास्टर किंवा उष्णतेने फुगणारा रंग, काहीतरी संरक्षण हवं. कॉन्ट्रॅक्टरला विचारा: "याला आगीचं रेटिंग किती मिनिटांचं?" उत्तर आलं नाही तर सही करू नका.

जबाबदारी कोणाची?

आता मुद्द्याचं. हे सगळं बघायचं कोणी? महापालिकेने? अग्निशमन दलाने? बिल्डरने?

महाराष्ट्रात यासाठी स्वतंत्र कायदा आहे: महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006. त्याच्या कलम 3 मध्ये जबाबदारी स्पष्ट टाकली आहे. उपाययोजना करायच्या आणि त्या कायम चांगल्या, चालू स्थितीत ठेवायच्या, हे मालकाचं किंवा भोगवटादाराचं काम. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून तसं प्रमाणपत्र घेऊन अग्निशमन दलाला द्यायचं. तोच आपला फॉर्म बी. उपाययोजनांशी छेडछाड करणं, त्या काढून टाकणं किंवा त्यांचं नुकसान करणं यालाही कायद्यात मनाई आहे. नोटीस देऊनही सुधारणा झाली नाही तर वीज-पाणी तोडण्यापर्यंत अधिकार आहेत, आणि शिक्षेत दंडाबरोबर तुरुंगवासही आहे.

फॉर्म बी म्हणजे काय हे नीट समजून घ्या. एजन्सी त्या दिवसाची स्थिती प्रमाणित करते. जबाबदारी एजन्सीकडे जात नाही, मालकाकडेच राहते. गाडीचं पीयूसी काढलं म्हणून ब्रेक तपासायची जबाबदारी गॅरेजवाल्याची होत नाही, तसंच.

कागद असूनही मालक सुटत नाही, याचं आपल्या देशातलं मोठं उदाहरण दिल्लीच्या उपहार सिनेमाचं आहे. 13 जून 1997. तळमजल्यावर पार्किंगला लागून असलेल्या ट्रान्सफॉर्मरचं तेल गळून आग लागली, गाड्या पेटल्या, धूर जिन्याच्या पोकळीतून वर बाल्कनीत गेला. 59 माणसं गेली, मुख्यतः गुदमरून. बाल्कनीत उजव्या बाजूची वाट बंद करून जादा खुर्च्या बसवल्या होत्या, आणि उजव्या बाजूच्या दारासमोर आठ खुर्च्यांचा खासगी बॉक्स केलेला होता. म्हणजे आपण आज ज्या गोष्टी बोलतोय त्याच: उभी पोकळी, बुजवलेली वाट, वाढवलेली जागा.

मालकांच्या बचावात दोन मुद्दे होते. ट्रान्सफॉर्मर वीज मंडळाचा होता, आणि परवाने तर मिळत होते. न्यायालयाने ते मानलं नाही. जागा ज्याच्या ताब्यात, आत येणाऱ्या माणसाच्या सुरक्षिततेची काळजी त्याने घ्यायची, परवान्याचा कागद असो वा नसो. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालकांचा निष्काळजीपणाचा दोष कायम ठेवला, आणि 2015 मध्ये दोन्ही भावांना मिळून 60 कोटी रुपये भरायला सांगितले. ज्यांनी मुलं गमावली त्या आईवडिलांनी ही लढाई वीस वर्षांहून जास्त काळ लढली.

आता तुम्ही म्हणाल, ते थिएटर, आमची साधी सोसायटी. पण तत्त्व तेच. सोसायटीत मालक म्हणजे फक्त चेअरमन-सेक्रेटरी नव्हेत. जिना, डक्ट, रेफ्युज एरिया, टाकी ही सोसायटीची, म्हणजे सगळ्या सभासदांची मिळून जबाबदारी. फ्लॅटच्या आतली वायरिंग, तोडलेली भिंत, बदललेलं मुख्य दार, कुलूपबंद ग्रिल ही त्या त्या मालकाची. फ्लॅट अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने दिला आणि मालक परदेशात असला, तरी तो मोकळा होत नाही. भाडेकरूही भोगवटादार म्हणून कायद्याच्या कक्षेत येतो, पण घराच्या बांधणीत बदल केला तो मालकाने. खाली दुकान असेल आणि दुकानदाराने मागचं दार गोडाऊनने बंद केलं असेल, तर दुकानमालकाला आणि सोसायटीला दोघांनाही उत्तर द्यावं लागू शकतं.

दोन ऑडिटच्या मधली फट

मला वाटतं खरी अडचण इथे आहे. मुंबईत 30 वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. ते करणारा माणूस बीम, कॉलम, गळती बघतो. फायरची एजन्सी पंप, पाइप, सिलिंडर, अलार्म बघते. डक्टचं सील, फायर डोअरची पट्टी, जिन्याची जाळी, कार्बन फायबरवरचा थर, या गोष्टी माझ्या पाहण्यात दोन्ही अहवालांच्या मधून निसटतात. प्रत्येकाला वाटतं ते दुसऱ्याचं काम.

म्हणून दोघांनाही काम देताना पत्रात एक ओळ घाला: "भिंती, दारे, डक्ट, जिने व आश्रयक्षेत्र यांच्या अग्निरोधक स्थितीबाबत स्वतंत्र परिच्छेद द्यावा." पैसे थोडे जास्त मागतील. द्या.

आणि तोपर्यंत स्वतः करण्यासारखं एक काम. एका रविवारी सकाळी कमिटीतले दोघं-तिघं, एक टॉर्च आणि एक वही घेऊन गच्चीपासून खाली उतरत या. प्रत्येक मजल्यावर पाचच प्रश्न:

1. डक्टचं दार उघडून टॉर्च मारला तर वरचा किंवा खालचा मजला दिसतो का?
2. फायर डोअर पूर्ण उघडून सोडलं तर आपणहून पूर्ण बंद होतं का?
3. जिन्यात आणि लॉबीत दोन माणसं शेजारी शेजारी उतरतील एवढी मोकळी जागा आहे का, आणि जळण्यासारखं काही ठेवलंय का?
4. जिन्याची हवा खेळती आहे की कोणी शीट लावून बंद केली आहे?
5. काँक्रीट फुटून सळई दिसते का?

प्रत्येक "नको ते" उत्तराचा फोटो आणि मजला लिहा. यादी जनरल बॉडीसमोर ठेवा, ठराव करा, इतिवृत्तात नोंदवा. ज्यांनी वैयक्तिक बदल केलेत त्यांना मुदत देऊन लेखी पत्र द्या. इथे भांडण होतं हे मला माहीत आहे. "जोशीकाकांनी ग्रिल लावली तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत" हे वाक्य हमखास येतं. त्यावर उत्तर एकच: जोशीकाकांनाही पत्र द्या. नियम सगळ्यांना सारखा लावला की निम्मं भांडण मिटतं.

शेवटी प्रत्येक घरासाठी एक सवय, जिला एक पैसाही लागत नाही. घरात आग लागली आणि विझत नसेल, तर बाहेर पडताना मुख्य दार मागे ओढून घ्या. कुलूप नको, नुसतं बंद. लिफ्ट घेऊ नका, 101 ला फोन करा. ते बंद दार तुमच्या मजल्यावरच्या बाकीच्यांना जिन्यापर्यंत पोचायला जी काही मिनिटं देतं, ती कोणताही पंप देऊ शकत नाही.

फेरी मारून झाली की काय सापडलं ते आम्हाला जरूर कळवा. सोसायटीचं नाव नको, फक्त मजला आणि गोष्ट. पुढच्या भागात कॉन्ट्रॅक्टरकडून फायर सीलिंगचं कोटेशन कसं वाचायचं यावर बोलू. तोपर्यंत जिना मोकळा ठेवा. भेटूच.